कामावरून कमी होण्याची चाहूल लागली तर : कागद, पैसा आणि सही यांचा क्रम

कारखान्यात माणसे कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली की बहुतेक जण पहिले काही आठवडे चहाच्या टपरीवरच्या चर्चेत घालवतात, मग घाबरून मिळेल तिथून कर्ज उचलतात आणि ज्या दिवशी कार्यालयात बोलावणे येते त्या दिवशी समोर ठेवलेल्या कागदावर न वाचता सही करून मोकळे होतात. जळगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर, नवापूर या भागातील कारखान्यांत काम करणाऱ्या ओळखीच्या लोकांची फंडाची (म्हणजे भविष्य निर्वाह निधीची) आणि हिशोबाची कागदपत्रे मी गेली काही वर्षे पाहून देत आलो आहे. त्यात जे नुकसान दिसले, त्यातील बराचसा भाग क्रम चुकल्यामुळे झालेला होता. म्हणून खाली सात पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, त्याच क्रमाने त्या कराव्यात.

सुरुवातीला तीन शब्दांतील फरक नीट समजून घ्यावा, कारण आपल्याकडे ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कायद्याच्या भाषेत 'ले-ऑफ' म्हणजे कच्चा माल, वीज किंवा यंत्र यांच्या अडचणीमुळे काम तात्पुरते देता न येणे. त्यात आपले नाव हजेरीपटावर कायम राहते. 'कपात' म्हणजे कामावरून कायमचे कमी करणे. 'राजीनामा' म्हणजे आपण होऊन नोकरी सोडणे. तिन्हींत आपण घरीच बसतो, पण हातात येणारी रक्कम तिन्हींत निरनिराळी असते.

## पायरी १ : चाहूल खरी की हंगामी, हे ठरवणे

खान्देशातील बरेच उद्योग शेतीच्या चक्राला बांधलेले आहेत. पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या नळ्यांना उठाव असतो तो साधारणपणे हिवाळा सरल्यापासून पेरणीपर्यंत. एकदा पाऊस लागला की शेतात नळ्या पसरायला कोणी जात नाही आणि यंत्रे मंदावतात. जिनिंग दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबते. डाळमिलला नवी तूर येते जानेवारी-फेब्रुवारीत. त्यामुळे पाइपच्या कारखान्यात ऑगस्टमध्ये एक पाळी बंद झाली, तर ती धोक्याची खूण असेलच असे नाही. तीच पाळी मार्चमध्ये बंद झाली, तर मात्र विचार करायला हवा.

तुलना नेहमी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. त्यासाठी आठवणीवर विसंबू नये, कारण काळजीत असलेल्या माणसाला मागचे सगळेच दिवस चांगले वाटतात. गेल्या दोन वर्षांच्या पगार स्लिपा काढाव्यात आणि प्रत्येक महिन्याचे हजेरीचे दिवस व ओव्हरटाइमचे तास वहीत एकाखाली एक लिहावेत. हंगामी मंदी असेल तर तो चढउतार गेल्या वर्षीही दिसतो.

हंगाम वजा केल्यावर उरणाऱ्या ज्या खुणा मी गंभीर मानतो, त्या अशा. पगारातून फंडाची रक्कम कापली जाते, पण पासबुकात ती दिसत नाही. मालकाने ती पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. एखादा महिना मागेपुढे होऊ शकतो, पण सलग दोन-तीन महिने खाते कोरे राहिले तर कंपनीकडे खेळता पैसा उरलेला नाही असे समजावे. दुसरी खूण गोदामात दिसते. कच्च्या मालाच्या गोण्यांची थप्पी नेहमी छातीएवढी असते, ती गुडघ्यापर्यंत येते, माल ट्रकऐवजी छोट्या गाडीतून दोन-दोन दिवसांच्या बेताने येऊ लागतो आणि पुरवठादारांची माणसे हिशोब विभागाच्या बाकावर तासन्तास बसलेली दिसतात. तिसरी खूण देखभाल विभागाला सर्वांत आधी कळते : साधे बेअरिंग किंवा हीटर मागितला तरी 'दुसऱ्या लाइनचा काढून लावा' असे उत्तर मिळते. महावितरणकडे मंजूर वीजभार कमी करण्याचा अर्ज गेला असेल, तर ती फार मोठी खूण आहे, कारण दोन महिन्यांनी यंत्रे पुन्हा सुरू करायची असतील तर कोणी भार कमी करून घेत नाही. खरेदी आणि हिशोब विभागातील जुनी माणसे एकामागून एक नोकरी सोडू लागली, तर त्याचीही नोंद घ्यावी. पैशाची स्थिती त्यांना आपल्या आधी ठाऊक असते.

कंत्राटी कामगार कमी होणे आणि ओव्हरटाइम बंद होणे या खुणा खऱ्या असल्या, तरी एकट्याने फार काही सांगत नाहीत. याउलट, वर्षानुवर्षे चालत आलेल्या पाच मिनिटांच्या उशिराबद्दल अचानक लेखी ताकीद मिळू लागली किंवा आपले काम दुसऱ्याला शिकवून त्याची पायरीवार नोंद लिहून द्यायला सांगितले, तर ती खूण थेट आपल्यासाठी आहे असे समजावे. पुण्यात किंवा नाशकात कार्यालयीन नोकरीत असलेल्यांनी याच जागी पुढील गोष्टी पाहाव्यात : चालू प्रकल्पातून काढून नवा प्रकल्प न देणे, आपल्या विभागाचे अंदाजपत्रक गोठवणे, कामगिरी सुधारण्याचे लेखी उद्दिष्ट अचानक हातात देणे.

तपासा : वरीलपैकी तीन गंभीर खुणा सलग दोन महिने दिसत असतील, तर पुढच्या पायरीला लागावे. एकच खूण असेल तर वही चालू ठेवावी, पण कर्ज काढणे, सोने मोडणे किंवा राजीनामा देणे यांपैकी काहीही करू नये.

## पायरी २ : कागद घरी आणणे

हे काम पैशाच्या आधी करायचे, कारण पैशाची सोय नंतरही होऊ शकते, पण गेट बंद झाल्यावर कागद मिळत नाहीत. नेमणूक पत्र, कायम केल्याचे पत्र, पगारवाढीची पत्रे, किमान दोन वर्षांच्या पगार स्लिपा, ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत, ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) क्रमांक, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), शिल्लक रजेची नोंद, मिळालेली ताकीदपत्रे आणि त्यांना आपण दिलेली उत्तरे हे सर्व एका फाईलमध्ये लावावे आणि मोबाइलवर त्यांचे स्पष्ट फोटो ठेवावेत. स्लिपा कंपनीच्या पोर्टलवर किंवा कंपनीच्या ईमेलवर येत असतील, तर आजच उतरवून घ्याव्यात, कारण ज्या दिवशी कमी करतात त्याच दिवशी ही दारे बंद होतात.

नेमणूक पत्र मिळालेच नसेल, आणि लहान कारखान्यांत ते पुष्कळांना मिळालेले नसते, तर ओळखपत्र, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी आणि फंडाचे पासबुक यांतून नोकरीचा काळ दाखवता येतो. म्हणून पगार ज्या खात्यात येतो त्याचा सुरुवातीपासूनचा उतारा बँकेतून घ्यावा.

कंत्राटी कामगारांसाठी हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. यंत्र तेच, सुपरवायझर तोच, पण ठेकेदार दर वर्ष-दोन वर्षांनी बदललेला, असे आपल्याकडे नेहमी घडते. प्रत्येक ठेकेदाराचे नाव, त्याच्याकडे काम केल्याच्या तारखा आणि मधल्या 'ब्रेक'चे दिवस लिहून ठेवावेत. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले असेल तर ती सलग एक वर्षाची सेवा धरली जाते, आणि कपातीची भरपाई याच हिशोबावर अवलंबून असते.

आणखी एक चूक नेहमी राहून जाते. हजेरीपटावर पद 'हेल्पर' असते, पण माणूस सहा-सात वर्षे एक्स्ट्रूडर चालवत असतो, डाय बसवत असतो, जाडी तपासून माल पास करत असतो. नवीन ठिकाणी मुलाखतीला गेल्यावर कागद त्याला हेल्परच ठरवतो आणि पगारही त्याच हिशोबाने लागतो. वातावरण अजून बरे आहे तोवर सुपरवायझरकडून किंवा उत्पादन प्रमुखाकडून यंत्राच्या नावासह प्रत्यक्ष कामाचे पत्र घ्यावे. कपात जाहीर झाल्यावर अशा पत्रावर कोणी सही करत नाही.

इशारा : फक्त स्वतःचे कागद घ्यावेत. ग्राहकांच्या याद्या, दर, मालाचे मिश्रण, रेखाचित्रे यांना हात लावू नये; त्यावरून शिस्तभंगाची कारवाई झाली तर भरपाईचा हक्क हातचा जातो.

इशारा : कंपनीने दिलेले सिमकार्ड आधार, बँक किंवा फंडाला जोडलेले असेल, तर त्या जागी स्वतःचा क्रमांक आजच जोडून घ्यावा. सिम परत केल्यानंतर ओटीपी येत नाही आणि स्वतःच्याच पैशासाठी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात.

## पायरी ३ : फंडाचे खाते स्वच्छ करणे

फंडाच्या दाव्यांत अडथळा येतो तो बहुधा नाव आणि जन्मतारखेच्या विसंगतीमुळे. आपल्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख १ जून लिहिली, आधार काढताना कोणी जन्मदाखल्यावरची तारीख दिली आणि कारखान्यातील कारकुनाने तिसरीच काही नोंदवली. नोकरी चालू असताना अशी दुरुस्ती तुलनेने सोपी असते, कारण जिथे मालकाची संमती लागते तिथे ती मागायला आपण रोज तिथेच असतो. म्हणून यूएएनने (फंडाच्या कायम खाते क्रमांकाने) फंडाच्या पोर्टलवर शिरून नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, आधार, पॅन आणि बँक खाते आधारशी अक्षरशः ताडून पाहावे.

ठेकेदार बदलत गेलेल्यांचे एकाहून अधिक यूएएन निघालेले असू शकतात. जुनी खाती चालू खात्यात वर्ग करून घ्यावीत. पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते आणि तुकड्यांत विखुरलेली सेवा आपोआप जोडली जात नाही. वारसाची नोंद ऑनलाइन भरली आहे का तेही याच वेळी पाहावे. लग्नाआधी भरलेली नोंद लग्नानंतर नव्याने करावी लागते.

पासबुकात भरणा दिसत नसेल, तर आधी हिशोब विभागाला लेखी विचारावे आणि समाधान झाले नाही तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

तपासा : नोंदणीकृत मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की शिल्लक आणि शेवटचा भरणा संदेशाने कळतो. संदेश आला नाही, तर मोबाइल किंवा केवायसीची जोडणी अपुरी आहे.

## पायरी ४ : घरखर्च, कर्ज आणि जामीनकी

वहीच्या एका पानावर ज्याशिवाय घर चालत नाही तो महिन्याचा खर्च लिहावा : किराणा, भाडे, वीज, शाळा-शिकवणी, औषधे, कर्जाचे हप्ते. या बेरजेच्या सहापट रक्कम हाताशी असणे चांगले. ते जमत नसेल तर निदान तीन महिन्यांची रक्कम बचत खात्यात किंवा सहज मोडता येणाऱ्या मुदत ठेवीत असावी. पैसा वाढवण्याची ही वेळ नव्हे. जास्त व्याजाच्या मोहाने तो पतसंस्थेत अडकवू नये; ठेवी अडकल्याचा अनुभव जळगाव जिल्ह्याने पुरेसा घेतला आहे.

खान्देशातील नोकरदाराच्या हिशोबात दोन गोष्टी अशा असतात, ज्या पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत सापडत नाहीत.

पहिली, गावाकडची शेती. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की बियाणे, खत आणि नांगरटीसाठी घरच्यांचे डोळे पगार असलेल्या मुलाकडे लागतात आणि कपाशीचा पैसा यायला दिवाळी उलटते. चाहूल लागली असेल, तर वडिलांना आणि भावांना पेरणीच्या आधी स्पष्ट सांगावे, म्हणजे ते पीककर्जाचे नूतनीकरण वेळेत करतील आणि भागेल तेवढाच खर्च अंगावर घेतील. ही गोष्ट लाजेपोटी लपवली जाते आणि जुलैत दोन्हीकडचे पैसे एकदम संपतात. घरी सांगणे सर्वांत जड जाते हे मला माहीत आहे. तरीही पत्नीला आणि आईवडिलांना ही बातमी शेजाऱ्याकडून कळण्याआधी आपल्याकडून कळावी.

दुसरी गोष्ट म्हणजे जामीनकी. एका खात्यातील चार सहकारी पतसंस्थेतून किंवा कामगारांच्या सोसायटीतून कर्ज काढतात आणि एकमेकांना जामीन राहतात. सगळ्यांची नोकरी चालू असते तोवर यात काही बिघडत नाही. पण कपातीत चौघेही एकाच दिवशी घरी बसतात, आणि मग आपले कर्ज फिटलेले असले तरी मित्राच्या कर्जाची नोटीस आपल्या दारात येते. म्हणून आपण कोणाकोणाला जामीन आहोत, प्रत्येकाची बाकी किती आणि हप्ते नियमित आहेत का, याची यादी करावी. बाकी थोडी असेल तर त्या मित्राने भिशी उचलून किंवा बोनसमधून ती आधी फेडावी, यासाठी त्याच्याशी बसून बोलावे. चाहूल लागल्यानंतर नवीन जामीनकी घेऊ नये, मग मैत्री कितीही जुनी असो.

बँकेचा हप्ता थकण्यापूर्वी शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी होतो का ते विचारावे. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खाते अनुत्पादक वर्गात जाते आणि नंतर बोलणी अवघड होतात. क्रेडिट कार्ड आणि मोबाइल ॲपवरची कर्जे आधी मिटवावीत, त्यांचे व्याज सर्वांत जास्त असते.

आजारपणाची सोयही याच पायरीत पाहावी. कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो आणि स्वतःची नवी पॉलिसी घेतली तरी अपघात सोडून इतर आजारांसाठी पहिले ३० दिवस थांबावे लागते, जुन्या आजारांसाठी त्याहून बरेच जास्त. परवडत असेल तर नोकरी असतानाच पॉलिसी घ्यावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घेण्याची वेळ येऊ शकते, म्हणून रेशनकार्डावर घरातील प्रत्येकाचे नाव, विशेषतः लहान मुलांचे आणि नव्या सुनेचे, चढले आहे का ते पाहावे.

इशारा : निव्वळ भीतीपोटी सोने विकू नये. गरज पडलीच तर तारण ठेवण्याचा मार्ग नंतरही मोकळा असतो.

## पायरी ५ : नोकरी चालू असताना काम शोधणे

हातात नोकरी असलेल्या माणसाला मिळणारा पगार आणि घरी बसलेल्याला देऊ केला जाणारा पगार यांत फरक पडतो, म्हणून शोध आधी सुरू करावा. स्वतःच्या कामाची एक पानाची माहिती तयार करावी आणि त्यात पदाऐवजी काम लिहावे : कोणते यंत्र, किती आकारांचा माल, कोणत्या दुरुस्त्या स्वतः करता येतात, किती माणसे हाताखाली होती. ज्याच्याकडे आयटीआय नाही, पण हातात कसब आहे, त्याने पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी कौशल्य योजनेची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये करावी. राज्य सरकारच्या महास्वयंम या रोजगार पोर्टलवर नोंदणी करावी.

शोध फक्त जळगाव-धुळ्यापुरता ठेवू नये. प्लॅस्टिक आणि कापडाचे काम जाणणाऱ्याला सुरत, अंकलेश्वर, सिल्वासा, पीथमपूर, नाशिकचे सातपूर-अंबड आणि सिन्नर ही ठिकाणे आहेत, आणि भुसावळ-सुरत रेल्वेमार्गामुळे सुरतेला गेलेला माणूस सणावाराला घरी येऊ शकतो. मात्र बाहेरगावचा पगार मोजताना खोलीभाडे, खानावळ आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा करून पाहावा. चार हजार जास्त मिळतात म्हणून गेलेल्या माणसाचे घरी येणारे पैसे कधी कधी पूर्वीपेक्षा कमी भरतात.

इशारा : नवीन ठिकाणचे नेमणूक पत्र लेखी हातात येईपर्यंत जुनी नोकरी सोडू नये. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

## पायरी ६ : बोलावणे येते तो दिवस

या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि तिच्यासाठी लागतात दहा-पंधरा मिनिटे.

कार्यालयात बसवून चहा दिला जातो, कंपनीची अडचण समजावून सांगितली जाते आणि एक टंकलिखित कागद पुढे सरकवला जातो. त्यावर 'वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत असून माझा सर्व हिशोब मिळाला आहे, यापुढे माझी कोणतीही मागणी नाही' असा मजकूर असतो. सोबत सांगितले जाते की सही केली तर अनुभवपत्र चांगले मिळेल आणि पैसे आठवड्यात खात्यात येतील. समोरचा व्यवस्थापक पुष्कळदा भला माणूस असतो आणि त्यालाही हे काम आवडत नसते. तरीही त्या कागदावर त्या दिवशी सही करू नये.

कारण रकमेत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्यानुसार सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला कमी करताना कारणांसह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो. याशिवाय पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा असतो. राजीनामा दिला की यांपैकी काहीही लागू होत नाही.

समजा, एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये आहे, इतर भत्ते नाहीत आणि सेवा ९ वर्षे ७ महिने झाली आहे. सेवा १० वर्षे धरून कपातीची भरपाई सुमारे ९०,०००, नोटिशीचा पगार १८,००० आणि पुनर्कौशल्य निधीचे सुमारे ९,००० रुपये होतात. म्हणजे एका सहीने एक लाख सतरा हजारांच्या आसपास रक्कम जाते. ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, वेगळी; ती राजीनाम्यानंतरही मिळते. १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १० या हिशोबाने ती १,०३,८४६ रुपये येते. पुष्कळांना हीच ग्रॅच्युइटी 'भरपाई' म्हणून दाखवली जाते आणि माणूस समाधानाने सही करतो.

त्या दिवशी काय बोलावे, तेही ठरवून जावे. 'साहेब, मला कागदाची प्रत द्या, मी घरी वाचून दोन दिवसांत उत्तर देतो,' एवढे वाक्य पुरेसे आहे. आवाज चढवू नये, शिवीगाळ करू नये, कागद फाडू नये. प्रत दिली नाही तर मजकूर शांतपणे वाचून घ्यावा आणि घरी आल्यावर लगेच तारीख, वेळ, कोण उपस्थित होते आणि काय बोलणे झाले ते वहीत लिहावे. एखाद्या पत्राची पोच म्हणून सही द्यावीच लागली, तर सहीखाली 'फक्त प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही' असे लिहून तारीख घालावी. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या व्हाउचरवर कोणत्याही परिस्थितीत सही करू नये. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर जावे; गेटवर अडवले तर तसा निरोप कंपनीच्या ईमेलवर किंवा रजिस्टर पोस्टाने त्याच दिवशी पाठवावा, नाहीतर 'स्वतःहून कामावर आला नाही' अशी नोंद होते.

कधी कंपनी राजीनाम्याच्या बदल्यात स्वेच्छेने सोडण्याची ठोक रक्कम देऊ करते. ती नाकारलीच पाहिजे असे नाही. वरचा हिशोब स्वतः मांडावा आणि देऊ केलेली रक्कम ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि बोनस वगळून त्यापेक्षा बरीच जास्त असेल, तरच विचार करावा.

तपासा : ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी आणि तीन महिन्यांची नोटीस लागते. साधारणपणे त्या वर्गातील शेवटी लागलेला कामगार आधी कमी करायचा असतो. तसे केले नसेल तर त्याचे नोंदवलेले कारण मागावे. सुपरवायझर म्हणून दरमहा १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणारे आणि व्यवस्थापनातील लोक या संहितेच्या 'कामगार' व्याख्येत बसत नाहीत. त्यांनी नेमणूक पत्रातील नोटिशीच्या कलमावर बोट ठेवून बोलावे.

तपासा : काम तात्पुरते थांबवून ले-ऑफ दिला असेल आणि कारखान्यात ५० किंवा अधिक कामगार असतील, तर वर्षभर सेवा झालेल्याला त्या दिवसांसाठी मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. हंगामी कारखान्यांना ही तरतूद लागू नाही, त्यामुळे जिनिंगमधील कामगारांनी तिच्यावर विसंबून राहू नये.

## पायरी ७ : हिशोब आणि त्यानंतरचे तीन महिने

शेवटचा पगार कामावरून काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळायला हवी. हिशोबाच्या कागदावर पगार, नोटिशीचा पगार, भरपाई, शिल्लक रजेचे पैसे, चालू वर्षाचा बोनस आणि ग्रॅच्युइटी यांच्या रकमा वेगवेगळ्या ओळींत मागाव्यात. एकच ठोक आकडा लिहिलेला असेल, तर फोड मागितल्याशिवाय सही करू नये. सेवामुक्तीच्या पत्रावर काम सुटल्याचे कारण 'कपात' असेच लिहिलेले असावे. पुढे ईएसआयच्या भत्त्यासाठी आणि पाच वर्षांच्या आत फंड काढल्यास लागणाऱ्या करातून सुटण्यासाठी हाच शब्द कामी येतो.

फंड घाईने काढू नये. दोन-तीन महिन्यांत नवीन काम मिळण्याची शक्यता असेल, तर खाते तसेच ठेवून नंतर वर्ग करावे. काढण्याच्या रकमेचे आणि मुदतीचे नियम बदलण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला, म्हणून जुन्या सहकाऱ्याच्या अनुभवावर न जाता अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचा नियम वाचावा. एकूण सेवा १० वर्षांपेक्षा कमी असेल, तर पेन्शनची रक्कम काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे ही वर्षे पुढच्या नोकरीत मोजली जातात.

ज्यांचा ईएसआय कापला जात होता, त्यांचे उपचार नोकरी सुटल्याबरोबर थांबत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर या काळात पुरेसे दिवस भरले असतील, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, आणि ऑक्टोबर ते मार्च भरले असतील तर जुलै ते डिसेंबरमध्ये लाभ चालू राहतो. हे माहीत नसल्यामुळे बरीच कुटुंबे खासगी दवाखान्यात पैसे घालतात. बेरोजगारीसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी पगाराच्या ५० टक्के दराने जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता आयुष्यात एकदा मिळतो. किमान दोन वर्षांची विमित नोकरी आणि ठरावीक दिवसांचा भरणा ही त्याची अट आहे, आणि शिस्तभंगामुळे काम गेले असल्यास तो मिळत नाही. या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ईएसआय शाखेत ती चालू असल्याची खात्री करून मग अर्ज भरावा.

भरपाई मिळाली नाही किंवा सक्तीने राजीनामा घेतला गेला, तर जळगाव किंवा धुळे येथील सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज करावा. तडजोडीसाठी अर्ज केल्यापासून ४५ दिवसांत काही झाले नाही, तर थेट न्यायाधिकरणात जाता येते आणि त्यासाठी काढल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. चार-पाच जणांचा प्रश्न एकच असेल, तरी प्रत्येकाने स्वतःच्या तारखा, पगार आणि मागणीची रक्कम घालून वेगळा अर्ज द्यावा, कारण एकाने मधेच तडजोड केली की सामायिक अर्ज लंगडा पडतो. अर्ज नेताना दोन प्रती न्याव्यात, एक आवक विभागात द्यावी, दुसरीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्यावी, आणि ती प्रत दुसऱ्या पायरीत लावलेल्या फाईलमध्ये सर्वांत वर ठेवावी.